आवाज थांबले, पण दिवस कसा जातोय?

मागच्या अंकात स्किझोफ्रेनियाची सुरुवात कशी ओळखायची त्यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले ते बहुतेक सुरुवातीबद्दल नव्हतेच. आजार दहा-पंधरा वर्षं जुना, गोळ्या चालू, आता आरडाओरडा नाही, घरातून निघून जाणं नाही, आणि तरी घरात कुणालाच बरं वाटत नाहीये, पेशंटला तर नाहीच, अशा घरांतून ते आलेत. म्हणून या वेळी फक्त जुन्या आजाराचे प्रश्न घेतले. नावं-गावं काढलीत, पत्रं छोटी केलीत, बोली ज्याची त्याचीच ठेवलीय.

प्रश्न : माझा लहान भाऊ ३४ वर्षांचा हाय, आजाराला बारा वर्षं झाली. आधी लई तरास होता, शेजारचे माझ्यावर करणी करायलेत म्हणायचा, रात्री-बेरात्री निघून जायचा. भानामती म्हणून आम्ही कुठंकुठं नेलं. गोळ्यांनी ते सगळं थांबलंय. पण आता दिवसभर बाजेवर पडून ऱ्हातो. आंघोळ कर म्हणलं तर करत नाही, बोलत नाही, टीव्ही बी बघत नाही. वडील म्हणतात ह्याला बसून खायची सवय लागली. गोळ्यानं असं व्हायलंय का? कमी कराव्या का? — एक बहीण, परभणी जिल्हा

ताई, आधी एक सांगते, हा कामचुकारपणा नाही, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका.

या आजाराचे दोन चेहरे असतात. एक सगळ्यांना दिसतो : कानात आवाज, संशय, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं तेव्हापासून या आजाराची जवळपास सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनावर काम करतात आणि या पहिल्या चेहऱ्यावर ती चांगली चालतात. दुसरा चेहरा गुपचूप असतो. उमेद जाते, बोलणं आटतं, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, माणसात जावंसं वाटत नाही, लक्ष टिकत नाही, कामाची जुळवाजुळव डोक्यात होत नाही. डॉक्टर याला निगेटिव्ह सिम्प्टम्स म्हणतात (लक्ष आणि आठवणीचा भाग वेगळा धरतात), आणि इथं गोळ्यांचा जोर फार कमी पडतो. आता गंमत बघा, नाही, गंमत नाही, वाईट वाटायची गोष्ट आहे ही, की माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहे ते या दुसऱ्या चेहऱ्यावर आणि सोबतच्या उदासीवर जास्त ठरतं, आवाजांवर त्यामानाने कमी, हे देशोदेशीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि आपण सगळे, आम्ही डॉक्टरसुद्धा, विचारतो काय, तर "आवाज येतात का? झोप लागते का? बरं, मग हीच गोळी चालू ठेवा."

आंघोळीचंच घ्या. तुमच्या-माझ्यासाठी ते एक काम आहे. त्याच्यासाठी उठणं, पाणी तापवणं, बादली नेणं, टॉवेल शोधणं, कपडे काढणं, अंगावर पाणी घेणं, साबण, परत पाणी, पुसणं, धुतलेले कपडे घालणं, अशी कामांची रांग आहे आणि पहिल्याच पायरीला त्याचं इंजिन चालू होत नाही. "आंघोळ कर रे" ऐवजी "पाणी काढलंय, टॉवेल दोरीवर आहे, चल" म्हणून बघा, रोज एकाच वेळेला, आणि केली नाही तर भांडू नका, उद्या परत म्हणा. पंधरा दिवसांत फरक पडेल असं नाही, पण पडतो.

पडून राहण्यामागं दुसरी कारणं पण असू शकतात आणि ती तपासायलाच हवीत, कारण त्यांच्यावर उपाय आहे. तो चालताना हात हलतात का, की अंगाला चिकटून राहतात? पावलं छोटी पडतात का, लाळ गळते का, हात थरथरतात का? तसं असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो, डोस किंवा औषध बदलून कमी होतो. सकाळी दहा-अकरापर्यंत गुंगी असेल तर गोळीची वेळ बदलता येते. जेवण कमी झालंय, रात्री जागा असतो, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास" असं काही बोलतो का? मग उदासी असेल, तिचा वेगळा इलाज आहे. मरावंसं वाटतं का हेही सरळ विचारा, विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. आणि कधी कधी आवाज थांबलेलेच नसतात, माणसानं सांगायचं सोडलेलं असतं. हे सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा, मग गोळ्या कमी करायच्या का ते तेच ठरवतील.

आता वडिलांचं. १९५० नंतर लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी बघितलं की दवाखान्यातून बरं होऊन घरी गेलेले काही पेशंट लवकर परत का येतात, तर ज्या घरात सतत टोमणे, राग, किंवा उलट्या बाजूनं जीव गुदमरेल इतकी काळजी, तिथले जास्त परत येत होते. पुढं चंदीगडच्या घरांचा तसाच अभ्यास झाला तेव्हा तिथं लंडनपेक्षा टोमणे कमी निघाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आग्र्याचे पेशंट श्रीमंत देशातल्या पेशंटपेक्षा बरे चाललेले दिसले. पण म्हणून आपल्या घरात सगळं ठीकच आहे असं धरून चालू नका. "बसून खातो" हे वाक्य दिवसातून चार वेळा कानावर पडणं हा आजाराला खतपाणी घालायचाच प्रकार आहे. वडील वाईट नाहीत हो, ते दमलेत, कर्ज असेल, वय झालं, पण हे त्यांच्यापर्यंत पोचवा, माझं नाव सांगून पोचवा.

आणि त्याला एक काम द्या, एकच. मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे डेअरीवर दूध घालणं. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, दोन-चारच माणसं भेटणार, फॅट-लिटरची पावती हातात येणार. आणि दहाव्या दिवशी बिल आलं की त्यातले थोडे पैसे त्याच्या खिशात जाऊ द्या. हे खिशाचं मी उगाच म्हणत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत हाइनरिक्स, हॅनलॉन आणि कार्पेंटर यांनी याच आजारातलं जगणं मोजायची एक पद्धत बनवली, त्यात मित्र आहेत का, काम आहे का, कशात रस आहे का हे तर विचारतातच, पण माणसाजवळ पाकीट आहे का, किल्ली आहे का, घड्याळ आहे का हेसुद्धा बघतात. तुमच्या भावाच्या खिशात काय आहे ते आज बघा.

प्रश्न : पोराला ओलान्झापिनची गोळी आणि थरथर होऊ नये म्हणून दुसरी बारीक गोळी चालू हाय. वजन लई वाढलं. बिड्या बी वाढल्यात. गेल्या उन्हाळ्यात रानात चक्कर येऊन पडला, अंग नुसतं भाजत होतं पण घाम नाही. गोळ्या उन्हाळ्यापुरत्या बंद केल्या तर चालतील का? — एक आई, नांदेड जिल्हा

मावशी, बंद नाही करायच्या, पण तुम्ही जे टिपलंत ते फार महत्त्वाचं आहे, "घाम नाही". थरथरीची जी बारीक गोळी असते, बहुतेक वेळा ट्रायहेक्सीफेनिडिल, ती घाम कमी करते, आणि या आजाराच्या बाकी गोळ्यापण शरीराचं तापमान सांभाळायची यंत्रणा बिघडवतात, त्यात तहान लागल्याचं कळत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा हा जिवाचा प्रश्न आहे. २०२१ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उष्णतेची मोठी लाट आली तेव्हा जुन्या आजारांपैकी मृत्यूचा धोका सगळ्यात जास्त स्किझोफ्रेनिया असलेल्यांना निघाला, बीपी-शुगर-हृदयवाल्यांपेक्षा जास्त. तर रानातलं काम सकाळी दहाच्या आत उरकायचं, अकरा ते पाच सावलीत, डोक्याला ओलं उपरणं, आणि पाणी त्यानं मागायची वाट बघायची नाही, तासाला तांब्या हातात द्यायचा. अंग तापलंय, घाम नाही, बरळतोय असं दिसलं की अंगावर पाणी मारत लगेच दवाखाना, भूतबाधा म्हणून बसायचं नाही. आणि डॉक्टरांना विचारा की ती बारीक गोळी अजून लागते का, पुष्कळांना वर्षानुवर्षं उगाच चालू राहते, त्यानं तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आठवणही मंदावते.

वजनाचं हलक्यात घेऊ नका. या आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात आणि त्यातली बरीचशी हृदय, शुगर, फुप्फुस यानं जातात. वजन, पोटाचा घेर, बीपी, उपाशीपोटीची शुगर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तरी बघितलंच पाहिजे, वजन कमी वाढवणारं औषधही मिळतं, विचारा. बिडी सोडवा, पण डॉक्टरांना सांगून, कारण बिडीच्या धुरानं ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं आणि बिडी एकदम बंद झाली की तोच डोस अंगावर येऊ शकतो. (तंबाखू मळून खाल्ल्यानं हे होत नाही, ते धुराचं आहे. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं.)

प्रश्न : मी स्वतः पेशंट आहे, १६ वर्षं झाली. बीए आहे. आवाज अधूनमधून येतात, मला त्यांची सवय झालीय. पण घरचे पाव्हण्यारावळ्यात नेत नाहीत, पैसे हातात देत नाहीत, दवाखान्यात गेलो तर डॉक्टर वडिलांशीच बोलतात. सगळे म्हणतात तू आता बरा आहेस. मला नाही वाटत मी बरा आहे. बरं म्हणजे नेमकं काय असतं? — एक वाचक, लातूर

दादा, तुमचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं आणि खरं सांगायचं तर या सगळ्या पत्रांत हेच आधी छापायला हवं होतं.

बरं आहे का हे तुम्ही सांगायचं, हे पहिलं. जागतिक आरोग्य संघटनेची एक छोटी प्रश्नावली आहे, २६ प्रश्नांची, शरीर, मन, नाती आणि आजूबाजूची परिस्थिती अशा चार भागांची, आणि त्यातला पहिलाच प्रश्न आहे की तुमचं जगणं किती चांगलं आहे असं तुम्ही म्हणाल. ती घरच्यांनी भरून द्यायची नसते. या आजाराच्या माणसाला स्वतःचं काय कळतं, असं पुष्कळांना वाटतं, पण आजार स्थिर असेल तर माणूस स्वतःच्या जगण्याबद्दल नीट आणि भरवशाचं सांगू शकतो हे तपासून बघितलेलं आहे. आणि डॉक्टरांचा अंदाज आणि पेशंटचं स्वतःचं मत यात फरक पडतो, तेव्हा दोन्ही लागतात.

आवाज पूर्ण बंद झाल्याशिवाय चांगलं जगता येत नाही असं नाहीये. आवाज थोडे असूनही लोक दुकानात बसतात, शिकवण्या घेतात, गाई सांभाळतात, आणि आवाज शून्य असून काहीजण खोलीतून बाहेर पडत नाहीत. फरक कशाने पडतो? हातात काहीतरी काम, आपलं म्हणावं असं एखादं माणूस, थोडा पैसा, साइड इफेक्ट सोसता येतील इतपत, आणि लोक आपल्याला "तो येडा" म्हणून न ओळखता नावानं ओळखतात की नाही यावर. शेवटचं तर इतकं खोल जातं की माणूस स्वतःच स्वतःला तसं म्हणायला लागतो, मग लग्नाला बोलावलं तरी जात नाही. तुम्ही तिथवर गेलेले नाहीत, तुम्हाला राग येतोय, तो राग चांगला आहे.

दवाखान्याचं : पुढच्या वेळी तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या आणि आत गेल्या गेल्या डॉक्टरांच्या हातात द्या. वडिलांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगा, तुम्ही सांगू शकता. त्या तीनात लाज वाटणारी गोष्टपण लिहा. लैंगिक इच्छा जाणं, ताठरता न येणं, बायकांची पाळी बंद होणं, हे काही औषधांनी प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढल्यानं होतं, पेशंट सांगत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, आणि एक दिवस गोळ्याच गुपचूप नालीत जातात. औषध बदलता येतं हो.

कायदा पण तुमच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात स्वतःच्या आजाराची आणि औषधाची माहिती मिळायचा तुमचा हक्क आहे. पुढे कधी तब्येत बिघडली तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत हे आधीच लिहून ठेवता येतं, आणि तुमच्या वतीनं बोलणारा माणूस तुम्ही निवडू शकता, तो वडीलच असला पाहिजे असं नाही, बहीण चालते, मित्र चालतो.

तुमच्यासारख्यांचा गट जवळपास मिळाला तर जा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये उभी केली, घरच्यांचे आणि पेशंटचे गट तिथं चालतात. आपल्या मराठवाड्यात अशी ठिकाणं जिल्ह्याजिल्ह्यात हवीत, ही माझी मनापासूनची तक्रार आहे. राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, एकही आपल्याकडं नाही, पण मला त्याहून जास्त खटकतं ते हे की आजार सांभाळून दिवसा जाऊन बसायला, काम शिकायला जागा नाही.

प्रश्न : पुतण्याचं लग्न लावून दिलं तर जबाबदारी पडून सुधरंल का? मुलीकडच्यांना सध्या काही सांगितलेलं नाही. — धाराशिव

नाही, काका. लग्न हे औषध नाही. लपवून केलं तर ती फसवणूक आहे, हिंदू विवाह कायद्याखाली असं लग्न कोर्टातून रद्द होऊ शकतं, आणि त्याआधी नवरीपासून लपवायला म्हणून तुमचा पुतण्या गोळ्या सोडेल आणि दोन महिन्यांत दोन घरं उघडी पडतील. तब्येत स्थिर आहे, काहीतरी कमावतोय, त्याला स्वतःला करायचंय, आणि समोरच्या मुलीला (फक्त तिच्या बापाला नाही) सगळं माहीत आहे, तर जरूर करा, अशी संसार केलेली माणसं आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दरसाली दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. बायकोला हा आजार हाय, गोळ्यावर चांगली ऱ्हाते. पण कारखान्यावर गोळ्या संपतात, तिकडं कुठं दाखवायचं कळंना गेलंय, गेल्या साली तिथंच बिघडली, मुकादम उचल (आगाऊ दिलेले पैसे) मागायलाय. — बीड जिल्हा

भाऊ, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग औषधाचा आहे, तो सांगते. निघायच्या आधी सरकारी दवाखान्यात जा, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालय, आणि इंजेक्शनबद्दल विचारा. फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलचं लांब चालणारं इंजेक्शन येतं, दोन ते चार आठवड्यांतून एकदा, मग कोपीवर (तिथल्या झोपडीत) रोजच्या गोळीची आठवण ठेवायचं काम बरंच कमी होतं. ते जमत नसेल तर दोन महिन्यांच्या गोळ्या मागा, आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव-डोस वाचता येईल असं लिहून घ्या, तिचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. कारखाना ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या जिल्हा रुग्णालयात ती चिठ्ठी दाखवायची. कुठं जायचं कळलं नाही तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारचा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला, अशी झोप मोडली की हा आजार उसळतो. बायकोला रात्रीच्या भरणीतून सोडवा. उचल एका कोयत्याची म्हणजे दोघांची असते, तिचं काम कमी म्हणजे पैसे कमी, हे मला कळतं, पण तिथं ती बिघडली तर दोघांचंही काम बंद पडतं. सोबतच्या टोळीतल्या एखाद्या शहाण्या बाईला विश्वासात घ्या, तिनं रोज एवढंच बघायचं की ही झोपली का आणि एकटी पुटपुटत तर नाही. साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून एक मोठा प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये त्याचा निकाल छापून आला, त्यात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, तर नुसत्या दवाखान्याच्या इलाजापेक्षा त्या पेशंटची रोजची कामं करायची ताकद थोडी जास्त सुधारली. म्हणजे डॉक्टर नसलेलं माणूसही कामाचं असतं.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीला आलो. आमच्यामागं पोराचं कसं? अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढावं का, की त्यानं शिक्का बसंल? — जालना

काढा. शिक्का गावानं आधीच मारलाय, कागदानं निदान काहीतरी हातात येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं तर सवलती लागू होतात, आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. तुमच्यापैकी कुणी सरकारी पेन्शनर असाल तर मानसिक अपंगत्व असलेल्या मुलाला फॅमिली पेन्शनची तरतूद असते, त्याचं नाव तुम्ही हयात असतानाच नोंदवून ठेवा, मागून नोंदवायला भावांना फार चकरा माराव्या लागतात. टक्के काढताना स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी बघतात, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं "सगळं करतो हो तो" म्हणून अब्रू झाकू नका, कोण अंघोळीला उठवतं, पैसे कोण सांभाळतं ते खरं खरं सांगा. आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचेही मार्क त्यात धरतात, दहा वर्षांच्या वर असेल तर जास्त, म्हणून जुने केसपेपर, अगदी पहिल्या दवाखान्याची फाटकी चिठ्ठीसुद्धा, पिशवीत घालून घेऊन जा.